बेसमेंट फिनिश करताय? पाणी कुठल्या वाटेने येतं ते आधी बघा

जोराचा पाऊस असला की आमच्या बेसमेंटमधला संप पंप दर तीन-चार मिनिटांनी घुर्र करतो, खड्ड्यातलं पाणी बाहेर फेकतो आणि गप्प बसतो. इतक्या वर्षांत त्या आवाजाची एवढी सवय झाली आहे की तो ऐकतच झोप लागते. एका रात्री मात्र आवाज थांबला म्हणून जाग आली. वीज गेली होती. टॉर्च घेऊन खाली गेलो तर खड्डा काठोकाठ भरला होता आणि पाणी काँक्रीटवर हळूहळू पसरत होतं. वॉशिंग मशीनपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला नाही.

तेव्हा आमचं बेसमेंट फिनिश केलेलं, म्हणजे भिंती-फ्लोअर घालून राहण्याजोगं केलेलं, नव्हतं. खाली उघडं काँक्रीट, डोक्यावर उघडे पाइप. दोन सूटकेसी, पुस्तकांची चार खोकी आणि मखराचं थर्माकोल, एवढंच भिजलं. सकाळी इन्शुरन्स कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी किती नुकसान झालं हे विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाणी कुठून आलं?"

मला तो प्रश्न औपचारिक वाटला. पुढे बेसमेंट फिनिश करायचं ठरलं, तेव्हा पॉलिसी पहिल्यांदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि कळलं की सगळा खेळ त्याच प्रश्नावर आहे. तेच बेसमेंट, तेवढंच दोन इंच पाणी, तोच भिजलेला कार्पेट. पाणी फुटलेल्या पाइपमधून आलं असेल तर चेक येतो, भिंतीतून झिरपलं असेल तर नकाराचं पत्र. फिनिशिंग करताना आपण घरातल्या महागड्या वस्तू उचलून नेमक्या त्याच जागी नेतो, जिथे पॉलिसी सगळ्यात जास्त हात आखडता घेते. म्हणून टाइल्स आणि रंग निवडण्याआधी हा विषय उरकून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या स्वतःच्या, स्वतंत्र घराबद्दल आहे. अशा बहुतेक घरांवर एचओ-३ नावाची पॉलिसी असते. टाउनहाऊस किंवा काँडो असेल तर असोसिएशनची मास्टर पॉलिसी कुठे संपते आणि तुमची कुठे सुरू होते, हा वेगळाच गुंता आहे. त्यासाठी आधी असोसिएशनचे कागद काढा. शिवाय राज्याराज्यात आणि कंपन्या-कंपन्यांत शब्द बदलतात, तेव्हा अंतिम शब्द तुमच्या पॉलिसीचाच.

ए आणि सी

पॉलिसीत कव्हरेजना ए, बी, सी, डी अशी अक्षरं असतात. बेसमेंटच्या बाबतीत दोन पुरतात. ए म्हणजे घराची वास्तू, सी म्हणजे घरातलं सामान. घर विकून जाताना जे मागे राहतं ते ए, जे ट्रकमध्ये चढतं ते सी. ड्रायवॉल (भिंतीला लावायचे जिप्समचे तक्ते), फ्लोअरिंग, नवं बाथरूम, भिंतीत बसवलेला बार हे ए. सोफा, टीव्ही, ट्रेडमिल, पाहुण्यांसाठीचा पलंग हे सी.

हा फरक नुसता नावाचा नाही. एचओ-३ मध्ये वास्तूला सर्व बाजूंनी संरक्षण असतं: पॉलिसीत जे स्पष्टपणे वगळलंय ते सोडून बाकी सगळं कव्हर. सामानाचं उलट. त्याच्यासाठी १६ कारणांची यादी असते: आग, वीज कोसळणं, चोरी, पाइपमधून अचानक सुटलेलं पाणी वगैरे. त्या यादीत कारण बसलं तरच पैसे. आणि सामानाची भरपाई मुळात घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून मिळते. नव्या वस्तूची किंमत हवी असेल तर त्यासाठी वेगळी जोडणी, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, घ्यावी लागते. गंमत म्हणजे कार्पेट वास्तूचाच भाग असला तरी मूळ फॉर्ममध्ये त्याची भरपाईसुद्धा घसारा कापूनच मिळते. आठ वर्षं वापरलेल्या कार्पेटची घसारा कापलेली किंमत किती होते ते सांगायला नको.

पाण्याच्या चार वाटा

आता मुख्य मुद्दा.

पहिली वाट वरून. पाइप फुटला, वॉशिंग मशीनचा होज सुटला, वॉटर हीटरची टाकी फाटली. हे "अचानक आणि अपघाताने" झालं असेल तर साधारणपणे कव्हर असतं. फुटलेल्या पाइपपर्यंत पोचायला भिंत फोडावी लागली तर ती फोडून पुन्हा उभी करण्याचा खर्चही मिळतो. खुद्द फाटलेला हीटर मात्र तुमचा. यंत्र म्हातारं झालं याची भरपाई इन्शुरन्स देत नाही. मेख आहे ती वेळेत. आठवडे, महिने थेंब थेंब गळत राहिलेलं पाणी पॉलिसीत वगळलेलं असतं. उघड्या बेसमेंटमध्ये थेंब पडला की दिसतो. छत आणि भिंती ड्रायवॉलने झाकल्या की तोच थेंब सहा महिने आत मुरत राहतो आणि बाहेर पहिली खूण दिसते ती बुरशीची. काही पॉलिसींत डोळ्यांना न दिसणाऱ्या गळतीसाठी थोडी सवलत असते, काहींत नसते. म्हणून पाइपांच्या जोडांखाली, मेन व्हॉल्व्हपाशी, बाथरूमच्या मागे एखादं उघडणारं झाकण ठेवायला कॉन्ट्रॅक्टरला सांगा. दिसायला बरं नाही म्हणून तो नको म्हणेल. ऐकू नका. पंधरा-वीस डॉलरचे पाणी ओळखणारे सेन्सरही मिळतात आणि ते बसवल्यावर काही कंपन्या हप्त्यात सूट देतात.

दुसरी वाट खालून, नळीतून. शहराची गटारवाहिनी तुंबली आणि घाण पाणी खालच्या शॉवरमधून उलटं वर आलं, किंवा आमच्यासारखा संप पंप बंद पडून खड्डा ओसंडला. मूळ एचओ-३ मध्ये हे सरळ वगळलेलं असतं. अनेकांना हे पहिल्या क्लेमच्या दिवशीच कळतं. यासाठी वेगळी जोडणी, म्हणजे एंडोर्समेंट, घ्यावी लागते. तिला बहुतेक जण वॉटर बॅकअप कव्हर म्हणतात. मर्यादा ५ हजार, १० हजार, २५ हजार डॉलर अशा टप्प्यांत मिळतात, काही कंपन्या त्याहून पुढेही जातात.

इथे थोडं थांबतो, कारण फिनिश्ड बेसमेंटचं इन्शुरन्स बहुतेक या एका ओळीवर जिंकलं किंवा हरलं जातं. ५ हजार ही रक्कम उघड्या काँक्रीटसाठी ठीक असते. पाणी उपसा, फरशी धुवा, सूटकेसी फेका, संपलं. आता तेच पाणी फिनिश केलेल्या खोलीत शिरलंय असं समजा. सफाईच्या धंद्यात पाण्याच्या तीन प्रती मानतात आणि गटारातून आलेलं पाणी तिसऱ्या, सर्वांत घाणेरड्या प्रतीत बसतं. ते लागलेला कार्पेट आणि त्याखालचं पॅड वाळवून वापरत नाहीत, फेकतात. ड्रायवॉल पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत कापून काढतात, कारण तिचा कागद आणि गाभा पाणी वर ओढून घेतात. मागचं फायबरग्लास जातं. बेसबोर्ड जातात, दरवाज्यांच्या चौकटी फुगतात, सोफ्याचे पाय काळे पडतात. मग पंखे आणि डीह्युमिडिफायर दिवसरात्र चालवायचे. आणि हे सगळं, म्हणजे सफाई, ड्रायवॉल, फ्लोअर, टीव्ही, सोफा, बहुतेक वेळा त्याच एका मर्यादेतून भागवायचं असतं. ५ हजारांत सफाईवाल्याचं बिलसुद्धा भागेल का, शंकाच आहे. माझ्या हिशेबाने ही मर्यादा खालच्या मजल्यावर तुम्ही ओतलेल्या पैशाच्या आसपास हवी. हप्त्यातला फरक फारसा नसतो, विचारून बघा.

एंडोर्समेंटमधले शब्दही वाचा. "गटार किंवा ड्रेन" आणि "संप" हे दोन्ही शब्द त्यात हवेत. मानक फॉर्ममध्ये पंप बिघडून ओसंडलेलं पाणी कव्हर असतं, पण बिघडलेल्या पंपाची किंमत नसते. डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आधी तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, मुख्य पॉलिसीपेक्षा वेगळं असू शकतं. खाली नवं बाथरूम करणार असाल तर प्रश्न आणखी वाढतो. बऱ्याच घरांत गटारवाहिनी बेसमेंटच्या पातळीच्या वर असते, म्हणून तिथलं सांडपाणी वर ढकलायला वेगळा इजेक्टर पंप बसवतात. म्हणजे बंद पडू शकणारं आणखी एक यंत्र. आणि बाथरूमची वाहिनी थेट गटाराला जोडलेली असेल, तर शहराचं पाणी उलटं येण्यासाठी तुम्ही स्वतःच एक नवं दार उघडलेलं असतं. बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा झडप असलेला तुकडा, बसवायचा तर तो काँक्रीट फोडलेलं असतानाच बसवा. नंतर तेच काम करायला नवीन फ्लोअर उखडावं लागतं.

तिसरी वाट भिंतीतून. जमिनीत मुरलेलं पाणी पायाच्या भिंतींवर दाब देतं आणि भेगेतून, भिंत-जमिनीच्या सांध्यातून आत येतं. जमिनीखालच्या पाण्याचा दाब आणि झिरपा हे एचओ-३ मध्ये नाव घेऊन वगळलेलं असतं. बॅकअप कव्हरही इथे उपयोगाचं नाही. इन्शुरन्सच्या भाषेत ही देखभालीची गोष्ट, म्हणजे तुमची जबाबदारी. म्हणून या वाटेवरचा उपाय पॉलिसीत शोधू नका, घराबाहेर शोधा. घराभोवतीची जमीन पहिल्या १० फुटांत किमान ६ इंच उतरती हवी, असं राष्ट्रीय पातळीवरचा आदर्श निवासी बांधकाम कोड सांगतो. बहुतेक जुन्या घरांत माती कधीच भिंतीकडे खचलेली असते आणि छपराच्या गटर्सचं पाणी तर पायाशीच सोडलेलं असतं.

फ्रेमिंगच्या, म्हणजे नव्या भिंतींचा सांगाडा उभा करण्याच्या, आधी काँक्रीटची एक परीक्षा घरच्या घरी होते. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर किंवा भिंतीवर ठेवा, चारी कडा टेपने घट्ट बंद करा आणि किमान १६ तास तसाच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट ओलं दिसलं तर आत ओल आहे. भिंतीवर खडूसारखी पांढरी पूड दिसत असेल तर परीक्षेचीही गरज नाही. पाणी येऊन वाळून गेल्यावर मागे राहिलेले ते क्षार आहेत. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ती पूड वर्षानुवर्षं होती आणि आम्ही तिला जुना रंग समजत होतो. अशा भिंतीवर ड्रायवॉल चढवणं म्हणजे पैसे देऊन बुरशी पोसणं.

चौथी वाट जमिनीवरून. नदी, ओढा, समुद्र किंवा नुसता मुसळधार पाऊस रस्त्यावर साचून दारा-खिडक्यांतून आत आला, तर तो फ्लड. मूळ होमओनर्स पॉलिसीत फ्लड नसतो. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते आणि ती बहुतेक वेळा १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय फ्लड इन्शुरन्स योजनेतून मिळते. निवासी घरासाठी तिची कमाल मर्यादा वास्तूला अडीच लाख डॉलर आणि सामानाला एक लाख डॉलर. पॉलिसी घेतल्यापासून साधारण ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाच्या बातम्या पाहून घेण्यात अर्थ नाही.

पण इथली खरी पंचाईत रकमेची नाही. ही योजना बेसमेंटला फार थोडं देते. पाया, फर्नेस, वॉटर हीटर, सेंट्रल एसी, इलेक्ट्रिक पॅनेल, संप पंप, जिने हे मिळतं. भिंतींना ड्रायवॉल मिळतं, पण कच्चं: नुसतं खिळ्यांनी ठोकलेलं, सांध्यांना टेप आणि पुट्टी नसलेलं, रंग नसलेलं. फ्लोअरिंग नाही, कार्पेट नाही, बाथरूमच्या टाइल्स नाहीत. सामानात वॉशर, ड्रायर, फ्रीझर आणि त्यातलं अन्न, खिडकीचा सुटा एसी, एवढंच. तेही सामानाचं कव्हर घेतलं असेल तर. सोफा, टीव्ही, पलंग, पुस्तकं काही नाही. थोडक्यात, तुम्ही फिनिशिंगवर केलेला जवळजवळ सगळा खर्च या पॉलिसीच्या बाहेर राहतो. खाजगी फ्लड पॉलिसींत काही ठिकाणी बेसमेंटला जास्त मिळतं, पण ते शब्दाशब्दाने तपासावं लागतं.

यात एक फायद्याची फट आहे. या योजनेच्या व्याख्येत बेसमेंट म्हणजे ज्याची जमीन चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आहे ती जागा. मागच्या बाजूने सरळ अंगणात उघडणारं वॉकआउट असेल आणि त्या बाजूला आतली जमीन बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर किंवा वर असेल, तर ते या व्याख्येत बेसमेंट ठरत नाही आणि ही बंधनं लागत नाहीत. दारातून बाहेर पडताना दोन पायऱ्या चढाव्या लागत असतील तर मात्र गडबड आहे. एजंटकडून हे लेखी घ्या.

"आम्ही फ्लड झोनमध्ये नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीवर कोसळला. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस मोजला गेला. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री बेसमेंटमधल्या घरांत अकरा माणसं बुडून मेली. हे पाणी समुद्राकडून आलेलं नव्हतं, आकाशातून पडून रस्त्यांवर साचलेलं होतं.

आता कटकटीचा भाग: वाटा एकमेकींत मिसळतात. रस्त्यावर पाणी साचलंय, त्याच वेळी गटारही उलटं येतंय. अशा वेळी बऱ्याच पॉलिसींचं म्हणणं असतं की वगळलेल्या कारणाचा हात असेल तर बाकी कारणं काहीही असोत, पैसे नाहीत. बॅकअपची जोडणीही फ्लडमुळे झालेला बॅकअप बहुधा वगळते. म्हणून पाणी आलं की, जीवाला धोका नसेल तर, आधी व्हिडिओ: पाणी कुठून येतंय, ड्रेनमधून वर उसळतंय की खिडकीतून, बाहेर अंगण कोरडं आहे की तळं झालंय, घड्याळात किती वाजलेत. प्लग आणि पॅनेल पाण्याजवळ असतील तर खाली उतरूच नका.

सांगायचं कधी, आणि न सांगितल्यास काय

बेसमेंट फिनिश केलं की घर पुन्हा बांधण्याचा खर्च वाढतो. कव्हरेज ए ची रक्कम त्या खर्चावर ठरलेली असते, बाजारभावावर नाही. पॉलिसी दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढते हे खरं. पण महागाईच्या त्या सूत्राला तुमच्या नव्या होम थिएटरचा पत्ता नसतो.

एचओ-३ मध्ये ८० टक्क्यांचा एक नियम असतो, तो उदाहरणानेच कळतो. समजा तुमचं घर पुन्हा बांधायला ४ लाख ४० हजार डॉलर लागतील आणि पॉलिसी ३ लाख ६० हजारांची आहे. ४ लाख ४० हजारांचे ८० टक्के म्हणजे ३ लाख ५२ हजार. पॉलिसी त्याच्या वर आहे, ठीक. आता तुम्ही ६० हजार घालून बेसमेंट केलं आणि कोणालाच सांगितलं नाही. बांधकामाचा खर्च झाला ५ लाख, त्याचे ८० टक्के ४ लाख. तुमची पॉलिसी अजून ३ लाख ६० हजारांचीच, म्हणजे हव्या त्या रकमेच्या ९० टक्के. पुढच्या वर्षी वर किचनमध्ये आग लागून ४० हजारांचं नुकसान झालं. कंपनी त्याचे ९० टक्के, म्हणजे ३६ हजार धरते, किंवा घसारा वजा करून येणारी रक्कम, दोन्हींत जी मोठी असेल ती. डिडक्टिबल वेगळं. बेसमेंटला धक्काही लागलेला नाही, तरी ते न सांगितल्याचे चार हजार किचनच्या क्लेममधून गेले.

काही जणांनी वास्तूच्या मर्यादेवर २५ किंवा ५० टक्के जादा मिळण्याची जोडणी घेतलेली असते आणि ते निर्धास्त असतात. त्यांनी तिच्या अटी जरूर वाचाव्यात. अशा जोडणीत अनेकदा लिहिलेलं असतं की बांधकामाचा खर्च ५ टक्के किंवा त्याहून वाढवणारी सुधारणा केलीत तर काम संपल्यापासून ३० दिवसांत कळवा. वरच्या उदाहरणात ६० हजार म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त. कळवलं नाही तर तो जादा टक्का कागदावरच राहू शकतो.

माझा सल्ला मात्र तीस दिवस थांबायचा नाही. काम सुरू व्हायच्या आधी एकदा एजंटला ईमेल करा आणि संपल्यावर पुन्हा एकदा. ईमेलच, फोन नाही. एजंट बदलतात, मेल राहते.

परमिट

"परमिट नसेल तर इन्शुरन्स रद्द" असं सगळेच सांगतात. मानक एचओ-३ मध्ये असं सरसकट कलम नाही. म्हणून परमिट सोडून द्यावं, असा अर्थ काढू नका. चुकीच्या कारागिरीचा खर्च पॉलिसी देत नाही. वायरिंग कोणी तपासलंच नव्हतं आणि आग तिथूनच लागली, तर नुकसान तपासायला आलेल्या कंपनीच्या अॅडजस्टरसमोर तुमची बाजू लंगडी होते. आणि पुनर्बांधणीच्या वेळी टाउनशिपचा इन्स्पेक्टर आजच्या कोडप्रमाणेच सगळं मागतो. त्या जादा खर्चासाठी मूळ पॉलिसीत बहुधा कव्हरेज ए च्या १० टक्के एवढीच तरतूद असते.

परमिटच्या चौकशीत एक गोष्ट जीव वाचवणारी आहे: खाली बेडरूम करायची तर तिथून थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार हवं. आदर्श कोडप्रमाणे खिडकीची मोकळी जागा ५.७ चौरस फूट (जमिनीलगतच्या खिडकीला ५), उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खिडकीचा खालचा काठ आतल्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. खिडकीबाहेर खड्डा असेल तर तो किमान ९ चौरस फुटांचा, आणि ४४ इंचांहून खोल असेल तर त्यात शिडी. काँक्रीटची भिंत कापायची म्हटल्यावर खर्च वाढतो, म्हणून लोक "ऑफिस" असं लिहून आत पलंग टाकतात. पाहुणे तिथेच झोपतात. हे करू नका, इन्शुरन्स राहू द्या बाजूला.

कॉन्ट्रॅक्टर आणि काम चालू असतानाचे दिवस

कॉन्ट्रॅक्टरकडे दोन इन्शुरन्स हवेत: जनरल लायबिलिटी (कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर) आणि वर्कर्स कॉम्प (कामगाराला इजा झाली तर). सर्टिफिकेट त्याच्या हातून घेऊ नका, त्याच्या एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा. जुना कागद तारीख बदलून दाखवणारेही असतात. न्यू जर्सीसारख्या राज्यात अशा कॉन्ट्रॅक्टरची सरकारकडे नोंदणी असावी लागते आणि ती ऑनलाइन तपासता येते. वर्कर्स कॉम्प नसलेला कामगार तुमच्या जिन्यावरून पडला तर तो दावा तुमच्या दारात येऊ शकतो. रोखीने, विनाकागद काम करून देणाऱ्याने वाचवलेले दोन हजार तिथे कुठल्या कुठे जातात.

तुमच्या आवारात ठेवलेलं बांधकामाचं साहित्य बहुधा कव्हरेज ए मध्ये धरलं जातं, पण चोरीच्या बाबतीत अटी कडक असतात. टाइल्सच्या पेट्या ड्राइव्हवेवर उघड्या ठेवायच्या आधी विचारून घ्या.

आणि एक काम अजिबात विसरू नका. ड्रायवॉल लागण्याच्या आदल्या दिवशी फोन घेऊन खाली जा, प्रत्येक भिंतीचा आणि छताचा सावकाश व्हिडिओ काढा. वायर कुठून गेली, पाइप कुठे वळला, आत कुठलं इन्सुलेशन आहे, सगळं बोलत बोलत. पुढे क्लेममध्ये "आत काय होतं" याचा तोच पुरावा. शिवाय टीव्ही टांगायला भिंतीत खिळा ठोकताना पाइप फुटत नाही, हा रोजचा फायदा.

खाली काय करणार, हेही सांगा

भाड्याने देणार असाल तर काम सुरू करायच्या आधी एजंटशी बोला. भाडेकरूला दिलेल्या भागातली चोरी मूळ पॉलिसीत वगळलेली असते, त्याचं सामान कव्हर नसतं, आणि टाउनमध्ये बेसमेंट भाड्याने देण्याची परवानगीच नसेल तर पुढचं सगळं अवघड. डे-केअर, शिकवण्या, सलून, ऑनलाइन विक्रीचा माल, हे सगळं "व्यवसाय" ठरतं. घरात ठेवलेल्या व्यवसायाच्या मालाला मूळ फॉर्ममध्ये सुमारे अडीच हजार डॉलरचीच मर्यादा असते. बार आणि पार्ट्यांची जागा करणार असाल तर लायबिलिटीची, म्हणजे पाहुण्याला इजा झाल्यास तुमच्यावर येणाऱ्या दाव्यासाठीची, रक्कम वाढवा, जमल्यास तिच्याही वरचे दावे भागवणारी अंब्रेला पॉलिसी घ्या.

बुरशीसाठी अनेक पॉलिसींत ५ किंवा १० हजार डॉलरची वेगळी, छोटी मर्यादा असते. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवल्या तर बुरशी बहुधा धरत नाही, तेव्हा अॅडजस्टर यायची वाट बघत बसू नका. नुकसान वाढू न देणं हे पॉलिसीप्रमाणे तुमचंच काम आहे. फोटो काढा, पावत्या ठेवा, फेकायच्या कार्पेटचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा आणि पंखे लावा. नुकसान डिडक्टिबलपेक्षा थोडंसंच जास्त असेल तर क्लेम करावा का, हाही विचार करा. तुमच्या क्लेमची नोंद सात वर्षांपर्यंत एका सामायिक नोंदवहीत राहते, ती इतर कंपन्यांनाही दिसते, आणि पाण्याचे दोन क्लेम लागोपाठ दिसले की नूतनीकरणाच्या वेळी भुवया उंचावतात.

आमच्या एजंटला मी जी मेल पाठवली तिच्यात पाचच प्रश्न होते: बॅकअपची मर्यादा किती आणि त्यात संप आहे का, डिडक्टिबल वेगळं आहे का, काम झाल्यावर कव्हरेज ए किती करू, कार्पेट आणि सामान नव्याच्या किमतीने धरता का, आणि आमचं मागचं दार फ्लडच्या व्याख्येत बसतं का. उत्तर दोन दिवसांनी आलं. बॅकअपची मर्यादा होती ५ हजार. ती २५ हजार केली. मागच्या दारातून बाहेर पडायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून फ्लडच्या बाबतीत आमचं बेसमेंट बेसमेंटच.

पंपाशेजारी आता बॅटरीवर चालणारा दुसरा पंप बसवलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुख्य पंपाचा प्लग काढतो आणि खड्ड्यात पाण्याची बादली ओततो. बॅटरीचा पंप जरा बारीक, वेगळ्या सुरात आवाज करतो. मागच्या वेळी त्याने तो केलाच नाही. पाणी चढलं की पंप चालू करणारा फ्लोट वायरमध्ये अडकला होता.